बारीक नजरेची माणसं

प्रत्येक घरात बारीक नजरेचं एक तरी माणूस असतं. तांदळातला खडा त्याला सुपाच्या पलीकडच्या टोकावरून दिसतो. आहेरात आलेली साडी कितीची, कुठल्या दुकानातली आणि मागच्या कोणत्या लग्नातून पुढे सरकवलेली, हे त्याला घडी न मोडता कळतं. आमच्या घरी हे खातं आत्याकडे होतं. दूधवाल्याने आज पाण्याचा हात सैल सोडलाय, हे पातेलं चुलीवर चढण्यापूर्वी ती जाहीर करत असे. गंमत अशी, की तिचं म्हणणं दहातल्या नऊ वेळा खरं निघे आणि दहाही वेळा कोणी ऐकत नसे. "तुला मेलं काहीही दिसतं!" असं म्हणून आजी विषय मिटवायची.

मायक्रोस्कोपचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास वाचताना मला सारखी ही आत्या आठवते. या इतिहासात भिंगं आहेत, आरसे आहेत, लहरी आहेत, इलेक्ट्रॉन आहेत. पण मुळात तो दोनच क्रियापदांचा इतिहास आहे. एक 'दिसणं' आणि दुसरं 'पटणं'. यातलं पहिलं अवघड असतं हे कबूल. पण दुसऱ्यापुढे पहिलं म्हणजे पोरखेळ!

आमच्या कॉलेजात या दोन क्रियापदांचा क्रम अर्थात उलटा होता. आठ विद्यार्थ्यांत एक मायक्रोस्कोप, आणि त्याखाली कांद्याचा पापुद्रा. सर विचारायचे, "दिसलं?" पहिला गडी एक डोळा मिटून म्हणायचा, "दिसलं सर." मागच्या सातांना ते तिथल्या तिथे पटायचं. माझा नंबर आठवा. तो येईपर्यंत पापुद्रा वाळून गेलेला असे आणि शिपाई दिवे मालवायला आलेला असे. न दिसता पटण्याची ही सोय जगात सगळीकडे असती तर हा इतिहास दोन पानांत आटोपला असता. पण पुढे जे महाभारत घडलं ते नेमकं उलट आहे. एकाला दिसलं, आणि बाकीच्यांना काही केल्या पटेना.

सुरुवात एका कापडवाल्यापासून होते. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी 1632 साली आंतोनी व्हॅन लेव्हेनहूक नावाचा गृहस्थ जन्मला. गावात त्याचं कापडाचं दुकान होतं, आणि पुढे नगरपालिकेत सभागृहाची देखभाल करण्याची नोकरीही मिळाली. म्हणजे सगळं कसं आपल्याकडच्यासारखं. युनिव्हर्सिटीचं तोंड पाहिलेलं नाही, लॅटिनचा गंध नाही. कापडाची वीण तपासायला, सूत मोजायला दुकानदार भिंग वापरत असत. याला त्या भिंगाचं वेड लागलं. पितळेच्या दोन पट्ट्या, त्यांच्या मध्ये मोहरीएवढं एकच भिंग, समोर एक खिळा, त्यावर बघायची वस्तू. बस्स, एवढाच त्याचा मायक्रोस्कोप. तळहातात मावणारा. पण त्यातून वस्तू अडीचशेपटीहून मोठी दिसे. हे एकच भिंग जवळजवळ बुबुळाला टेकवून, उजेडाकडे तोंड करून, श्वास रोखून बघावं लागे. दुकानात गिऱ्हाईक आलं तर ते काय समजत असेल, कोण जाणे!

त्याच्याआधी लंडनमध्ये रॉबर्ट हूकने 1665 साली 'मायक्रोग्राफिया' नावाचा ग्रंथ काढला होता. त्यात पिसवेचं एवढं मोठं चित्र होतं, की ते घडी उलगडून बघावं लागे. बुचाच्या कापात त्याला जे कप्पे दिसले त्यांना त्याने खोल्या म्हटलं, आणि 'सेल' हा शब्द तिथून जीवशास्त्रात शिरला. ते पुस्तक वाचत रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स रात्री दोनपर्यंत जागला, अशी नोंद त्याने स्वतःच करून ठेवली आहे. पण पिसू ही कितीही वाढवली तरी ओळखीची वस्तू. प्रत्येकाला ती कधी ना कधी चावलेली. त्यामुळे तिच्याबद्दल पटायला वेळ लागला नाही.

लेव्हेनहूकचं तसं नव्हतं. मिरी तिखट का लागते, असा प्रश्न त्याला पडला. मिरीला बारीक काटे असावेत आणि ते जिभेला टोचत असावेत, असा त्याचा तर्क. म्हणून त्याने मिरी पाण्यात भिजत घातली आणि काही आठवड्यांनी त्या पाण्याचा थेंब भिंगापुढे धरला. काटे राहिले बाजूला, त्या थेंबात जत्रा भरली होती! हजारो जीव पोहत होते, गिरक्या घेत होते, एकमेकांना ओलांडत होते. ऑक्टोबर 1676 मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला लांबलचक पत्र लिहून हे सगळं कळवलं. अर्थात डच भाषेत, कारण दुसरी येत नव्हती.

आता तुम्ही त्या विद्वानांच्या जागी आहात असं समजा. परगावच्या एका कापडवाल्याचं पत्र येतं, की माझ्या मिरीच्या पाण्यात एका थेंबात हजारो प्राणी आहेत. तुम्ही काय म्हणाल? पाण्याऐवजी दुसरंच काही पोटात गेलं असावं, असंच ना? रॉयल सोसायटीने शिष्टाचार सोडला नाही. फक्त पुरावा मागितला. मग लेव्हेनहूकने जे केलं ते अगदी आपल्या तलाठी कचेरीच्या परंपरेतलं होतं. 1677 मध्ये त्याने आठ प्रतिष्ठित साक्षीदार गोळा केले. त्यांत धर्मोपदेशक होते, नोटरी होता. त्यांना थेंब दाखवला आणि 'आम्ही समक्ष पाहिले' अशी लेखी प्रशस्तिपत्रं लंडनला रवाना केली. जंतूंच्या अस्तित्वाचा पंचनामा झाला तो असा!

पण या हकीकतीतला मला सर्वांत आवडणारा माणूस लेव्हेनहूक नाही, हूक आहे. त्याचं स्वतःचं नाव मोठं, पुस्तक गाजलेलं. एका दुकानदाराने आपल्यापेक्षा जास्त पाहिलं, हे ऐकून नाक मुरडण्याचा त्याला पूर्ण हक्क होता. त्याने तसं केलं नाही. स्वतः मिरी भिजत घातली, भिंग बनवलं, बघत बसला, आणि नोव्हेंबर 1677 मध्ये सोसायटीच्या सभासदांना ते जीव दाखवले. 1680 साली कापडवाला रॉयल सोसायटीचा सन्माननीय सभासद झाला. तुम्हांला जे दिसलं ते मलाही दिसतंय, हे सांगायला डोळ्यांपेक्षा छातीची जास्त गरज असते.

लेव्हेनहूकने एक गोष्ट मात्र मरेपर्यंत सांगितली नाही. ही भिंगं कशी बनवतो, ते! पाहुण्यांना साधी भिंगं दाखवायची आणि उत्तमातली आपल्यापुरती ठेवायची, असा त्याचा खाक्या. लोणच्याची कृती सांगताना एक जिन्नस हमखास गाळणाऱ्या सुगरणी असतात, त्यांतला प्रकार. 1723 साली नव्वदीत तो वारला आणि गुपित बरोबर घेऊन गेला. त्याने पाचशेच्या वर भिंगं बनवली. त्यांचे जेमतेम दहा-बारा मायक्रोस्कोप आज उरलेत. पितळेच्या पट्ट्या उघडून बघायची कोणाची छाती नाही, कारण वस्तू मोडली तर बदली मिळायची नाही.

मग 2021 साली शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. त्याच डेल्फ्ट गावातल्या अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनांचा झोत या मायक्रोस्कोपांतून आरपार सोडला आणि एकही खिळा न काढता आतल्या भिंगाचा आकार टिपला. एका जबरदस्त भिंगाचं गुपित बाहेर पडलं. काचेचा बारीक धागा ज्योतीवर धरून त्याचा गोळा वितळवायचा, तीच कृती! आणि ती सविस्तर छापली होती कोणी? हूकने, 1678 साली. जगापासून जीवापाड जपलेलं गुपित साडेतीनशे वर्षांनी उघडावं, आणि त्यातून शेजाऱ्याची छापील कृती निघावी! हूक स्वतः असली गोळीची भिंगं फारशी वापरत नसे; डोळ्यांना त्रास होतो म्हणायचा. कृती त्याची होती, डोळे कापडवाल्याचे होते.

यानंतर दोनशे वर्षं मायक्रोस्कोप सुधारत गेले आणि माणसाला वाटू लागलं, की भिंग अजून चांगलं केलं की अजून बारीक दिसेल, त्याला अंत कसला! अंत सांगितला तो जर्मनीतल्या येना गावच्या एर्न्स्ट आबेने, 1873 मध्ये. कार्ल झाइसच्या कारखान्यात तो भिंगांचं गणित बघत असे. आबेचं म्हणणं असं, की दोष भिंगात नाही, प्रकाशात आहे. प्रकाश ही लहर, आणि लहरीलाही जाडी असते म्हणा ना. केरसुणीने ठिपक्यांची रांगोळी काढायला बसलात, तर हात कितीही कसबी असो, ठिपके एकमेकांत मिसळणारच. प्रकाशाच्या लहरीच्या साधारण निम्म्याहून कमी अंतरावर असलेल्या दोन वस्तू मायक्रोस्कोपला एकच दिसणार. हा आकडा येतो सुमारे 200 नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा पाच हजारावा भाग. तिथे पाटी लागली: 'येथून पुढे रस्ता बंद.' येनामध्ये आबेच्या स्मारकावर ते सूत्र चक्क दगडात कोरलेलं आहे.

हा आबे माणूस मात्र लाखातला. त्याचा बाप सूतगिरणीत दिवसाला चौदा-चौदा, सोळा-सोळा तास उभा राहून राबायचा, ते पोराने पाहिलं होतं. पुढे झाइसचा कारभार हाती आल्यावर त्याने 1900 साली कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला. प्रकाशाची मर्यादा सांगणाऱ्याने माणसाचीही मर्यादा ओळखली. आम्ही नोकरदार मंडळींनी त्याच्या फोटोला हार घालायला हवा.

मर्यादेच्या अलीकडेही काम भरपूर होतं, आणि ते आपल्याकडेही झालं. सिकंदराबादला रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर 1897 च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात डास चिरून त्यांच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधत होता. पंखा लावायची सोय नाही, कारण वाऱ्याने डासांचे अवयव उडून जात. घामाने मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजले, उरलेलं एकुलतं एक नेत्रभिंग तडकलं. अशा अवस्थेत 20 ऑगस्टला त्याला डासाच्या जठराच्या भिंतीत ते काळे कण असलेले गोळे दिसले. आता सरकारने काय करावं? सत्कार? छे! पुढच्याच महिन्यात त्याची राजपुतान्यात खेरवाड्याला बदली झाली, जिथे हिवतापाचे रोगीच मिळेनात. शेवटी 1898 मध्ये कलकत्त्याला त्याने पाखरांच्या हिवतापावर उरलेलं काम पुरं केलं. 1902 चं नोबेल पारितोषिक त्याला मिळालं. बदली रद्द करून आणणं त्याहून कठीण असावं!

प्रकाशाचा रस्ता बंद झाल्यावर एका पठ्ठ्याने रस्ताच बदलला. बर्लिनमध्ये एर्न्स्ट रुस्का या पंचविशीही न गाठलेल्या विद्यार्थ्याने मॅक्स क्नोल या गुरूबरोबर 1931 मध्ये प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरून पाहिला. इलेक्ट्रॉनचीही लहर असते, पण प्रकाशापेक्षा हजारो पटींनी बारीक. केरसुणीऐवजी सुई! भिंगं काचेची नव्हेत, चुंबकाची. 1933 पर्यंत त्याच्या यंत्राने प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला मागे टाकलं. जाणकार म्हणाले, असल्या झोताखाली वस्तूचा कोळसा होईल, बघणार काय? रुस्काच्या पाठीशी उभा राहिला त्याचा डॉक्टर भाऊ हेल्मुट. त्याला जंतूंहूनही बारीक असलेले विषाणू बघायचे होते, आणि 1939 च्या सुमारास ते माणसाला पहिल्यांदा दिसले. रुस्काला नोबेल मिळालं 1986 साली, शोधानंतर पंचावन्न वर्षांनी. तेव्हा तो एकोणऐंशी वर्षांचा होता. गुरू क्नोल 1969 मध्येच गेलेला. पटायला किती वेळ लागतो, याचा हा हिशेब. दीर्घायुष्य हीसुद्धा संशोधनाची एक पद्धतच म्हणायची!

पण इलेक्ट्रॉनचा मायक्रोस्कोप निर्वात पोकळीत चालतो. त्यात जिवंत पेशी ठेवली की तिचा ग्रंथच आटोपतो. जिवंत वस्तू बघायची तर प्रकाश हवा, आणि प्रकाशाच्या दारात आबेची पाटी. विसाव्या शतकाच्या अखेरीला या पाटीशी दोघांनी हुज्जत घातली.

पहिला श्टेफान हेल. रुमानियातून लहानपणी जर्मनीत आलेला. जर्मनीत त्याच्या कल्पनेला कोणी थारा देईना म्हणून तो फिनलंडमधल्या तुर्कू गावी गेला. तिथे 1993 च्या एका शनिवारी पुस्तक चाळताना त्याला युक्ती सुचली. पेशीतले रेणू रंगद्रव्य लावून चमकवता येतात, तसेच दुसऱ्या एका झोताने विझवताही येतात. मग चमकवणारा झोत घ्या नेहमीसारखा ठिपक्याचा, आणि विझवणारा घ्या मेदूवड्याच्या आकाराचा! वडा जिथे आहे तिथे अंधार. चमकणार फक्त मधल्या भोकातले रेणू. ते भोक आबेच्या मर्यादेपेक्षा कितीतरी लहान करता येतं. ते पेशीवर फिरवत न्यायचं आणि ठिपका ठिपका जोडत चित्र काढायचं. नियम मोडला नाही हं! प्रकाशाचा ठिपका होता तेवढाच जाड राहिला. फक्त त्यातल्या कोणी बोलायचं, ते हेलने ठरवलं. 1994 मध्ये त्याने हे कागदावर मांडलं. प्रयोग करून दाखवला, तर दोन नामांकित नियतकालिकांनी लेख परत पाठवला. तो 2000 साली तिसऱ्या ठिकाणी छापून आला.

दुसरा अमेरिकेतला एरिक बेत्झिग. प्रयोगशाळेतल्या नोकरीला कंटाळून ती सोडली, वडिलांच्या कारखान्यात यंत्रं बनवायला गेला. त्याने डोकं लढवून बनवलेलं अफलातून यंत्र विकलं गेलं किती? दोन नग. मग तीही नोकरी सोडली. चाळिशी उलटलेली, हाताला काम नाही. आपल्याकडे असता तर नातेवाईकांनी त्याला एव्हाना विम्याचा एजंट करून टाकला असता. तो आणि त्याचा तितकाच बेकार मित्र हॅराल्ड हेस यांनी 2005 मध्ये पदरचे पैसे घालून हेसच्या दिवाणखान्यात मायक्रोस्कोप जुळवला.

त्यांची कल्पना ज्याने शाळेत मास्तरकी केली आहे त्याला लगेच कळेल. सगळा वर्ग एकदम ओरडला तर कोण काय बोलतंय, कळत नाही. मास्तर म्हणतात, "एकेकाने बोला!" बेत्झिगने रेणूंना हेच सांगितलं. एका वेळी थोडेच, दूरदूरचे रेणू चमकवायचे. प्रत्येकाचा डाग पुसटच दिसतो, पण एकट्या डागाचा मध्य नेमका काढता येतो. मग दुसऱ्यांची पाळी. अशी हजारो चित्रं एकावर एक ठेवली की आबेच्या पाटीपलीकडचा मुलूख उजेडात! एकट्या रेणूला प्रकाशात हेरता येतं, हे विल्यम मोर्नरने 1989 मध्येच दाखवलं होतं. या तिघांना 2014 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दिवाणखान्यातून थेट स्टॉकहोमला!

तिकडे इलेक्ट्रॉनवाल्यांचंही डोकं चालूच होतं. पोकळीत पाणी उडून जातं, गोठवावं तर बर्फाचे स्फटिक चित्र नासवतात. स्वित्झर्लंडच्या झाक दुबोशेने 1980 नंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांत पाणी इतक्या झटक्यात थंड केलं, की त्याला बर्फ व्हायला सवडच मिळाली नाही. ते काचेसारखं थिजलं आणि आतली प्रथिनं जशीच्या तशी राहिली. योआखिम फ्रँकने हजारो पुसट चित्रांतून एक स्पष्ट चित्र काढायची रीत बसवली. रिचर्ड हेंडरसनने 1990 मध्ये एका प्रथिनाचा अणूपर्यंतचा नकाशा काढून दाखवला. 2017 चं नोबेल या तिघांचं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं बारीक बघून करायचंय काय? 2020 साली उत्तर मिळालं. जानेवारीत नव्या करोना विषाणूची जनुकीय माहिती जाहीर झाली, आणि फेब्रुवारी संपण्यापूर्वी टेक्सासमधल्या शास्त्रज्ञांनी थिजवलेल्या पाण्याच्या याच रीतीने त्याच्या काट्याची रचना काढून छापली. विषाणू याच काट्याने आपल्या पेशीला धरतो. काटा दिसला म्हणून औषध आणि लस करणाऱ्यांना नेम कुठे धरायचा ते कळलं. त्याच मार्चमध्ये आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने केरळातल्या पहिल्या रुग्णाच्या नमुन्यातून घेतलेला त्या विषाणूचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपातला फोटो प्रसिद्ध केला. एक कण, व्यास 75 नॅनोमीटर. एका मिलिमीटरवर ओळीने तेरा हजार बसतील. त्या एवढ्याशा टिकलीने आपल्याला महिनोन् महिने घरात कोंडलं. तरीही "असलं काही नसतंच हो!" असं छातीठोकपणे सांगणारे तुम्हांलाही भेटलेच असतील. फोटो समोर ठेवला तरी न पटणारे. रुस्का तरी पंचावन्न वर्षांत सुटला म्हणायचा.

या कोट्यवधींच्या यंत्रांच्या जोडीला 2014 मध्ये आणखी एक मायक्रोस्कोप आला. स्टॅनफर्डमधल्या मनु प्रकाश या कानपूरच्या आयआयटीत शिकलेल्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या विद्यार्थ्याने तो कागदाचा केला. कागद दुमडायचा, त्यात काचेची इवलीशी गोळी बसवायची. साहित्याचा खर्च एक डॉलरच्याही आत. म्हणजे पुन्हा ती हूकची गोळी आणि ते लेव्हेनहूकचं उजेडाकडे तोंड करून बघणं. असे कागदी मायक्रोस्कोप आपल्याकडच्या शाळांतही पोचले आहेत.

तेव्हा आज ना उद्या तुमच्या घरातलं एखादं कार्टं फुलदाणीतल्या शिळ्या पाण्याचा थेंब घेऊन धावत येईल आणि म्हणेल, "बाबा, यात काहीतरी वळवळतंय!" तुमच्या तोंडून पहिलं वाक्य निघेल, "आधी हात धुऊन ये!" हरकत नाही, शास्त्राच्या दृष्टीनेही ते बरोबरच आहे. पण ते पोर हात धुऊन येईपर्यंत चष्मा काढा, तो कागद उजेडाकडे धरा आणि एक डोळा मिटून स्वतः बघा. साक्षीदार आठ लागतात. निदान पहिला तरी घरचा असू द्या.